पांढऱ्या पट्ट्याचं झाड

आक्का: शब्दकोश पुसायला घेतला तर आतून पडलं. कोणाचं पत्र आहे हे?

भाऊ: माझं. ठेव तिथेच. उत्तर द्यायचं राहून गेलंय.

आक्का: राहून गेलंय? तीन आठवड्यांपूर्वीची तारीख आहे.

भाऊ: तीन आठवडे आणि एक दिवस.

आक्का: म्हणजे दिवस मोजतोयस. मी वाचलं, सांगून ठेवते. चष्मा लावून दोनदा वाचलं. तुला मास्तर म्हणणारी ही कोण?

भाऊ: माझ्या हाताखाली शिकली. आता त्या नव्या करमणूक बागेत मुकादम आहे. रोलर कोस्टर उभा राहतोय ना, त्याच्या भोवतीची हिरवळ, झुडपं, वाटा, सगळं तिच्याकडे आहे.

आक्का: आणि आधी तिथलं रान तुम्ही साफ केलंत.

भाऊ: मी तोडलं नाही, मी फक्त खुणा केल्या. निवृत्तीआधीचं शेवटचं काम. दोनशे बारा झाडं होती. लाल फुली म्हणजे तोडायचं, पांढरा पट्टा म्हणजे ठेवायचं. एकशे चाळीस फुल्या मारल्या.

आक्का: एकसष्ट नंबरला पट्टा आहे, पण तू जमा केलेल्या वहीत त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह आहे, असं लिहिलंय तिने. ते कशाचं, विचारते.

भाऊ: चुकून पडलं असेल. कधीकधी पेन...

आक्का: माझ्यापुढे नको. तू पाचवीत असल्यापासून खोटं बोलताना कान खाजवतोस.

भाऊ: बरं. आमच्याकडे एक लाकडी हातोडी असते. खोडावर चारी बाजूंनी ठोकायची आणि ऐकायचं. भरीव खोडाचा आवाज खणखणीत येतो. आतून कुजलं असेल तर भोपळ्यावर टिचकी मारल्यासारखा. एकसष्टला तीन बाजूंनी ठीक वाटलं. चौथ्या बाजूला ठोकलं आणि मला कळेना.

आक्का: काय कळेना?

भाऊ: आवाज. पुन्हा ठोकलं, पुन्हा तेच. मला नीट ऐकूच येत नव्हतं, आक्का.

आक्का: मला माहीत होतं.

भाऊ: काही म्हणालीस का? ओठ हलले तुझे.

आक्का: माहीत होतं, म्हटलं! चार वर्षं झाली. मी आतून पंखा बंद कर म्हणते आणि तू बाहेरून सांगतोस, नको, चहा आत्ताच घेतला.

भाऊ: कोणाला सांगितलंस?

आक्का: कोणाला सांगू? तू मलाच सांगितलं नव्हतंस. मग पट्टा का मारलास? शंका होती तर फुली मारायची.

भाऊ: मोठं झाड होतं. माझ्या बहिऱ्या कानासाठी ते का मरावं, असं वाटलं. वहीत प्रश्नचिन्ह केलं. ठरवलं, पुढच्या आठवड्यात कोणाला तरी घेऊन येऊ, दुसऱ्याच्या कानाने ऐकू. मग तसं करायची भीतीच वाटायला लागली.

आक्का: एका झाडाची एवढी भीती?

भाऊ: एका नाही. एकसष्ट मला ऐकू आलं नाही असं सांगितलं, तर लोक विचारणार, मग बाकीची कशी ऐकलीस? मी जी भोपळ्यासारखी ऐकली ती खरंच पोकळ होती, की माझाच कान तसा वाजत होता? एकशे चाळीस झाडं, आक्का. त्यांच्या जागी आता लोखंडी खांब आहेत. रात्री पुस्तक उघडतो आणि एकच पान चार चार वेळा वाचतो.

आक्का: ती तोडली गेली. हे उभं आहे. याच्याखाली काय येणारे ते वाचलंस ना?

भाऊ: रांग.

आक्का: पोरांची रांग. सावली आहे म्हणून मुद्दाम तिथे घेतली. बाकडी टाकलीत. येत्या शनिवारी उघडणार.

भाऊ: गेल्या गुरुवारी मी जाऊन आलो. तुला वाचनालयात जातो म्हणालो होतो. कुंपणाबाहेरून पाहिलं.

आक्का: मग?

भाऊ: झाड बुंध्याशी रुंद होत जातं, पाय फाकवून उभं राहिल्यासारखं. हे आता खांब रोवल्यासारखं सरळ जमिनीत गेलंय. हिरवळीला उतार हवा म्हणून खोडाभोवती कमरेएवढी माती चढवलीय. एका बाजूला खांबाच्या पायासाठी चर खणला होता, त्या बाजूची मुळं नक्की तुटली असणार. आणि मातीच्या जरा वर, खोडावर बुरशीचे पापुद्रे आलेत, पसरट, माझ्या तळहाताएवढे. चौथ्या बाजूलाच.

आक्का: देवा.

भाऊ: रिकामी गाडी फिरवून बघत होते. वरून ती गेली की जमीन हादरते. मला आवाज आला नाही, पायांना कळलं. आणि पानं पडली, आक्का. वारा नव्हता. खाली तिचीच माणसं डबे उघडून जेवत बसली होती.

आक्का: तू ओरडला नाहीस?

भाऊ: वॉचमन आला. काहीतरी विचारत होता, मला समजेना. मी मान हलवली आणि परत आलो.

आक्का: फोन करू या तिला. मी बोलते.

भाऊ: नंबर नाही दिलेला. मी फोन घेत नाही हे तिला ठाऊक आहे. बागेच्या कचेरीतला फोन तिचा साहेब उचलतो, आणि फाटकावर दिलेला कागदही त्याच्याकडेच जातो. त्याला तिने दोनदा सांगितलं, तो म्हणाला, तुझ्या मास्तरांनीच पट्टा मारलाय, आता तू कोण? म्हणून तर तिने घरचा पत्ता दिलाय. सहीचा कागद मागतेय. तो हातात असला तर तपासणीवाले रांग हलवतील.

आक्का: मग लिही. आत्ता, माझ्यासमोर. वाच लिहिलेलं.

भाऊ: 'आपले पत्र पावले. विलंबाबद्दल क्षमस्व. सविनय नमूद करावेसे वाटते की, कदाचित, सदर वृक्षाच्या बाबतीत काही अंशी...'

आक्का: अरे, झाड पडेल तेवढ्यात. सविनय काढ. कदाचित काढ. काही अंशी तर पहिल्यांदा काढ.

भाऊ: 'एकसष्ट नंबरचे झाड पोकळ असण्याची शक्यता आहे. त्याच्याखाली कोणालाही उभे करू नका. तुम्हीही जेवायला बसू नका.'

आक्का: हे बरं. कर सही.

भाऊ: एवढ्याने भागत नाही. साहेब म्हणेल, तेव्हा चांगलं होतं, आता म्हाताऱ्याला स्वप्न पडलं. पट्टा चुकीचा का, ते लिहायला हवं.

आक्का: ते मी तुला लिही म्हणणार नाही.

भाऊ: माहीत आहे. 'तपासणीच्या वेळी मला ऐकू येत नव्हते. हे मी कोणाला सांगितले नाही. उरलेल्या सगळ्या पांढऱ्या पट्ट्यांची झाडे दुसऱ्या माणसाकडून पुन्हा ठोकून घ्यावीत.' तोडलेल्यांचं काय लिहू?

आक्का: त्यांचं काय लिहिणार तू?

भाऊ: 'तोडलेल्यांबद्दल मी खात्रीने काही सांगू शकत नाही.' बघ, केली. सही माझी वाटत नाही.

आक्का: तुझीच आहे. पाकीट दे, मी डकवते.

(दुसऱ्या दिवशी सकाळी, टपाल कचेरीच्या पायऱ्यांवर.)

भाऊ: घेतलं त्याने? पिशवीत टाकलं?

आक्का: तुझ्यासमोर टाकलं. पावती बघ, ही घे.

भाऊ: अजून मागता येईल का परत?

आक्का: नाही.

भाऊ: बरं. नाहीच ना. खिडकीतून तो काय म्हणाला?

आक्का: दोन दिवस लागतील म्हणाला. गुरुवारी तिच्या हातात.

भाऊ: आज आणि उद्या ती तिथेच जेवायला बसेल.

आक्का: हो रे.

भाऊ: दोनच म्हणाला? दोन-तीन नाही?

आक्का: दोन. बोटंही दाखवली त्याने, तू बघितलीस.

भाऊ: बघितली. पण तू नीट ऐकलंस ना, आक्का?