सगळं बघून झालं की जाऊ

…आणि वर लोक मलाच विचारतात, "काय बुवा, मजा आहे तुमची, दर रविवारी नवीन फोटो!" मजा? माझी? अहो, हे पाय बघा! थांबा, मोजे काढून दाखवतो… नको? बरं, नको तर नको, पण या पायांनी जे सोसलंय ना, ते घोड्यानं सोसलं असतं तर त्याला पेन्शन दिली असती! तुम्हाला सांगतो, रजा घेऊन घरी आलोय ती फक्त दोन कामांसाठी. एक, पाय वर करून पडायचं. आणि दुसरं, बोलायचं. तेव्हा आता तोंड सुटलंय, ऐकून घ्या.

आता परदेश म्हणजे तरी काय, आशियातलाच एक देश. अमेरिका म्हटलं की लोक खुर्ची पुढे करतात, आमच्या देशाचं नाव सांगितलं की म्हणतात, "अच्छा, तिकडे का… बरं, चहा घेणार?" असो. तर मी तिकडे झाकणांच्या कारखान्यात आहे. बाटल्यांची झाकणं. हसू नका! झाकण घट्ट बसलंही पाहिजे आणि म्हाताऱ्या माणसाला उघडताही आलं पाहिजे, या दोन गोष्टी एकत्र साधायला काय डोकं लागतं ते तुम्हाला नाही कळायचं. कंपनी म्हणाली, नवीन यंत्रं बसवायचीत, जाता का? मी म्हटलं, बायकोला विचारून सांगतो. घरी आलो तर बायकोनं माळ्यावरून बॅगा काढल्या होत्या.

तर गेलो. फ्लॅट मिळाला, छान आहे, म्हणजे बाल्कनी आहे, एक टॉवेल वाळत घातला की आपल्याला आत यावं लागतं एवढी. वॉशिंग मशीन स्वयंपाकघरात, ते सुरू झालं की भाजी हलवावी लागत नाही, आपोआप हलते. कचऱ्याचे डबे इतक्या रंगांचे की केळ्याची साल हातात घेऊन मी नापास झालेल्या मुलासारखा उभा. आणि शेजारी? सगळे सज्जन! लिफ्टमध्ये हसतात, मीही हसतो, खाली येईपर्यंत दोघंही हसतच असतो, करणार काय, भाषा कुठाय!

आणि इथेच माझं घोडं अडलं. मला बोलायला माणूस लागतो हो! कारखान्यात एखादा विनोद सुचला तर तो आधी मी मनात इंग्रजीत करायचा, मग समोरच्यानं तो मनात त्याच्या भाषेत करायचा, तोवर साहेब येऊन विचारणार, "काही बिघाड आहे का?" संध्याकाळी घरी बायको. पण तिनं माझे सगळे विनोद लग्नाच्या पहिल्याच वर्षात ऐकून संपवलेले! मला घराची फार आठवण यायची. उगाच कशाला लपवू? बाथरूममध्ये नळ सोडून मी एकटाच मराठीत बडबडायचो.

म्हणून एका रविवारी, पहिल्याच महिन्यात, मी सहज आहे असं दाखवत बायकोला विचारलं, "अगं, आपण परत कधी जायचं?" ती कपडे वाळत घालत होती. तोंडात दोन चिमटे. त्या चिमट्यांतूनच म्हणाली, "जाऊ हो… सगळं बघून झालं की जाऊ."

संपलं! तुम्ही कारखान्यात काम केलेलं नाही म्हणून तुम्हाला हे साधं वाक्य वाटतं. आमच्या धंद्यात याला टार्गेट म्हणतात. सगळं बघून झालं की जाऊ, म्हणजे जेवढं लवकर बघून होईल तेवढं लवकर घरी! मी लगेच म्हटलं, "चल."

"कुठं?"

"बघायला!"

तिच्या तोंडातला चिमटा खाली पडला. कारण तुम्हाला सांगतो, इथे असताना मी तिला कोपऱ्यावरच्या बागेतसुद्धा कधी आपणहून नेलं नव्हतं. ती म्हणायची चला, मी म्हणायचो टीव्हीवर दाखवतील.

आणि मग जे सुरू झालं! टॉवर झाला. वर गेलो, वरून शहर बघितलं… एवढं मोठं? हे सगळं बघायचंय? पण हरलो नाही. तळं झालं. तळ्यात पायानं चालवायची बोट. बोट दोघांची, पेडल दोघांना, पण पेडल मारणार मी, आणि ती? "अहो, इकडे बघा. हसा. नीट हसा हो, दात दुखल्यासारखं काय हसताय!" फोटो काढला की लगेच घरच्या ग्रुपवर. आणि तिकडून सासूबाईंचं उत्तर, "जावईबापू वाळलेत गं!" मग सासूबाईंचं समाधान करायला दुसरा फोटो, त्यात मी पोट पुढे काढून उभा.

बागा झाल्या. निवडुंगाची बाग झाली, तिथे मी दमून कशाला टेकलो ते विचारू नका. आणि कुलुपांचं संग्रहालय! तीन मजले! नुसती कुलुपं! लहान कुलूप, मोठं कुलूप, राजाचं कुलूप, राणीचं कुलूप… मी म्हटलं, अगं, आपल्या घराला कुलूप लावून आपण इथे कुलुपं बघतोय! पण ती मन लावून बघत होती, आणि मी मनात म्हणत होतो, बघ बाई, नीट बघ, एकही राहायला नको. सगळं बघून झालं की जाऊ!

बरं, प्रत्येक ठिकाणी एक मॅग्नेट. फ्रिजला चिकटवायचं. टॉवरचं मॅग्नेट, तळ्याचं मॅग्नेट, कुलपाचं मॅग्नेट. फ्रिजचा रंग कोणता होता तो आता आम्हाला दोघांनाही आठवत नाही. दार जोरात लावलं की टॉवर पडायचा.

आता गंमत ऐका. माझ्याबरोबर आणखी एक इंजिनिअर होता, दुसऱ्याच कुठल्या देशातला. त्याला मी झोपाळू म्हणायचो. आमचं दोघांचं काम एकच, टेबलं शेजारी. सोमवारी मी लंगडत यायचो आणि हा टवटवीत! "वीकएंड कसा गेला?" "झोपलो." पुढच्या सोमवारी? "झोपलो." मला इतका हेवा वाटायचा म्हणून सांगू! त्याची बायको पण झोपायची म्हणे. केवढं ते सुखी कुटुंब!

आणि हळूहळू आमचं होत आलं बरं का. शेवटी शेवटी तर मी एका रविवारात दोन-दोन ठिकाणं उरकायला लागलो. सकाळी पूल, दुपारी टेकडी. टेकडीचा रोपवे बंद होता, ती म्हणाली, "राहू द्या ना, पुढच्या वेळी येऊ." पुढच्या वेळी? अगं, पुढची वेळ आहे कुठे! मी तिला चालवत वर नेलं. अर्ध्यात ती बसली. म्हणाली, "अहो, जरा दमानं." मी म्हटलं, "ऊठ, थोडंच राहिलंय!" आता फक्त एक धरण उरलं होतं. एक धरण, की झालो मोकळा! आणि त्याच आठवड्यात काय व्हावं? शहरानं नवीन मत्स्यालय उघडलं! माझ्या मुळावर उठलेलं शहर! मी म्हटलं, हरकत नाही, मासे तर मासे. पळत पळत मासे बघितले. मासेसुद्धा मान वळवून माझ्याकडे बघत होते.

धरण झालं त्या संध्याकाळी मी घरी येऊन कोचावर बसलो आणि डोळ्यांत पाणी आलं हो. खरंच आलं. झालं! सगळं बघून झालं! बायको म्हणाली, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, वारा लागला."

आणि योग बघा. त्याच सुमारास कंपनीनं ठरवलं की यंत्रं आता सुरळीत चालतायत, तेव्हा दोघांपैकी एकाला घरी पाठवायचं, एकाला ठेवायचं. कोण जाणार, कोण राहणार, ते साहेब ठरवणार. मी म्हटलं, वा! इकडून बायकोचं काम झालं, तिकडून साहेबाचं. साहेबाला घरी जेवायलाच बोलावू, गोडीगुलाबीनं कानावर घालू, की बाबा, आम्हाला सोड.

साहेब आला, साहेबीणबाई आल्या. साहेब त्याच देशातला, एक वाक्य बोलला की थांबतो, आपल्याला वाटतं संपलं, आणि आपण बोलायला तोंड उघडलं की दुसरं वाक्य सुरू. जेवण झालं, साहेब म्हणाला, पाणी. मी म्हटलं, थंड देतो. साहेब माझ्या मागं मागं स्वयंपाकघरात आला आणि… फ्रिजसमोर उभा राहिला.

बघतोय. नुसता बघतोय. एकेका मॅग्नेटवर बोट ठेवतोय. "टॉवर…" थांबला. "तळं…" थांबला. "कुलुपांचं संग्रहालय?" मग माझ्याकडे वळून म्हणाला, "मी याच शहरात जन्मलो." थांबला. "मीसुद्धा ते बघितलेलं नाही!" आणि साहेबीणबाईंना हाका मारमारून बोलावलं, त्याही बघायला लागल्या. साहेब माझा हात हातात घेऊन म्हणाला, "आमचं शहर तुम्हाला एवढं आवडलं?"

आता सांगा, काय बोलणार? जन्मगाव त्याचं. नाही म्हणू? मी आपला वाक्य जुळवतोय, आणि तेवढ्यात आमची ही, जिला मी माझ्या बाजूची समजत होतो ती, पुढे झाली आणि हसून म्हणाली, "अहो, काय विचारता! यांना तर इथून पायच निघायचा नाही! दर रविवारी सकाळी सकाळी बूट घालून दारात उभे असतात!"

झालं. साहेबानं तिथल्या तिथे, फ्रिजच्या साक्षीनं सांगून टाकलं. "तुम्ही राहा." थांबला. मला वाटलं संपलं. "आणखी दोन वर्षं." झोपाळू घरी!

आणि झोपाळूला काय झालं असेल? आनंद? अहो, निरोपाला रडला तो! त्याला राहायचं होतं! म्हणाला, इतकी शांत झोप मला जगात कुठे लागली नव्हती.

ते असो. पाहुणे गेले. ही भांडी घासतेय, मी पुसतोय. ही म्हणते, "खूश ना?" मी म्हटलं, "तू खूश ना?" ती म्हणाली, "माझं काय, तुम्ही खूश तर मी खूश." मी म्हटलं, "मी कशाला खूश? मला घरी जायचं होतं!" तिच्या हातातली कढई तशीच राहिली. "काय? मग मला तरी कुठं राहायचं होतं? गुडघे गेले माझे!" मी म्हटलं, "मग हिंडलो कशासाठी? तूच म्हणालीस ना, सगळं बघून झालं की जाऊ!"

"मी? कधी?"

आठवतच नाही हो तिला! चिमटे तोंडात असताना बोललेलं वाक्य, त्यावर मी अख्खं शहर पालथं घातलं, आणि तिला आठवत नाही! मी आता भांडायच्या पवित्र्यात, फडकं खांद्यावर टाकलं… आणि ती नळ बंद करून म्हणाली, "अहो, लग्न झाल्यापासून पहिल्यांदा तुम्ही आपणहून म्हणालात, चल. मला वाटलं, इथं येऊन माणूस खुलला. दिवसभर माझ्याशी बोलता, थट्टा करता, हात धरून रस्ता ओलांडता… गुडघे दुखत होते, पण मी कशाला मोडता घालू?"

आता बोला. माणसाचं भांडणच काढून घेतलं की नाही? मी फडकं खांद्यावरून काढलं आणि कढई पुसली. बऱ्याच वेळा पुसली.

मग म्हटलं, ठीक आहे, दोन वर्षं तर दोन वर्षं, पण आता तरी रविवार आपला! सगळं बघून झालंय! ती म्हणाली, "अगदी! आता नुसतं घरी बसायचं, बोलत." मी म्हटलं, "पडल्या पडल्या." ती म्हणाली, "पडल्या पडल्या!" इतकं एकमत आमचं साखरपुड्यातसुद्धा नव्हतं.

आणि सोमवारी कारखान्यात साहेबानं सगळ्यांना गोळा केलं. टाळ्या वाजल्या. साहेबानं माझ्या हातात एक पाकीट ठेवलं. "कंपनीकडून भेट." थांबला. मी उघडलं. आत दोन पास. शहरातली सगळी प्रेक्षणीय स्थळं, कितीही वेळा, दोन वर्षं, दोघांना!

घरी आलो. पास टेबलावर टाकले. म्हटलं, घे, हे एक बघ. तिनं पदराला हात पुसले, पास उचलले, उलटे केले, सुलटे केले, दिव्याखाली धरले. मला वाटलं, फाडतेय बहुतेक. मग हळूच म्हणाली, "अहो… फुकट आहे. वाया कशाला घालवायचं?"

आता तुम्हीच सांगा… फुकट म्हटल्यावर आपल्याला नाही म्हणता येतं का हो?