हात लावू न देणारी घोडी

आमच्या अप्पांच्या घोडीचं सांगतो. फुलंब्रीला तेव्हा आमचा टांगा होता. म्हातारा घोडा गेल्यावर अप्पांनी एक कोवळी घोडी विकत आणली. दिसायला लई देखणी, पण अंगाला हात लावला की लाथ झाडायची. गूळ देऊन बघितला, दरडावून बघितलं, काही उपयोग नाय. टांगा पंधरा दिवस दारात उभा.

आई म्हणाली, “परत देऊन टाका. एखाद्या दिवशी बरगडी मोडंल तुमची.”

शेवटी अप्पांनी नाल ठोकणाऱ्या करीमचाचांना बोलावलं. लांबूनच तिला न्याहाळत चाचा म्हणाले, “अप्पा, तिला बिल्कुल हात लावू नका. रोज तिच्या तोंडापुढं पाठ करून नुसतं बसा.”

अप्पा बसायला लागले. गल्लीतले लोक हसायचे. आठव्या दिवशी दुपारी आईनं जेवायला हाक मारली, तर अप्पा येईनात. आम्ही जाऊन बघतो, तर घोडीनं त्यांच्या खांद्यावर मान टेकलेली आणि अप्पा श्वास रोखून बसलेले.

“अहो, भाकर गार होतीय,” आई म्हणाली.

अप्पा हळूच बोलले, “होऊ दे. आत्ता उठलो तर तिला वाटंल, ह्या माणसाला कुणी हात लावलेला आवडत नाय.”