लोक खूश आहेत

मूळचे आम्ही गुहागरकडचे, पण मी वाढलो वर्तकनगरात, शिक्षणात काय डोकं चाललं नाही म्हणून नौपाड्यात एका खाणावळीत लागलेलो, तिथून जहाजावर कुक म्हणून गेलो. वीस वर्षं झाली. वादळं बघितली, पण लढाई, काय सांगू तुम्हाला, लढाई जहाजावरून बघायला लागेल असं कधी वाटलं नव्हतं.

देशांची नावं नका लिहू, आमची माणसं अजून तिकडे जातात. गहू भरायला गेलेलो एका बंदरात, आणि आठवड्यात शेजारच्या मोठ्या देशाची फौज शहरात शिरली. बंदर त्यांच्या ताब्यात, जहाज अडकलेलं, आम्ही अकरा जण, सगळे आपल्याकडचे. धक्क्यावर तिथलीच एक पहारेकरीण होती, लुदमिला, माझ्या आईच्या वयाची. दुकानं बंद, म्हणून मी तिला रोज डाळभात द्यायचो. मी म्हणायचो, बाई, घरी बसा, तर म्हणायची, बंदर माझं आहे, मी का जाऊ.

आपल्या वकिलातीचा माणूस फोनवर सांगायचा, दोन्ही सरकारांशी बोलणं चाललंय, फार नाजूक आहे, तुम्ही कुणाच्या बाजूने एक शब्द काढू नका. बायको रडायची, अहो, आपल्या देशाने जगाच्या सभेत या लढाईवर मतच दिलं नाही म्हणे, आता ते लोक तुमच्यावर राग काढतील का हो. कोणते लोक, मी विचारलं, तर म्हणाली, कोणतेही असोत, तुम्ही घरी या.

अठराव्या दिवशी त्या फौजेचा अधिकारी बस घेऊन आला. तुमचा देश आमचा दोस्त, म्हणाला, आमच्या हद्दीतून घरी जा, फक्त एकाने कॅमेऱ्यापुढे सांगायचं की इथले लोक खूश आहेत. कॅप्टन नाही म्हणाला, आम्हाला बोलायला मनाई आहे. मग बस रिकामी जाईल, अधिकारी म्हणाला. आमच्या इंजिनवाल्या कदमला साखरेचा आजार, त्याची इंजेक्शनं दोन दिवसांची उरलेली, तो खाली बघत उभा. मग मी म्हटलं, मी बोलतो.

बोललो. इंग्रजीत तीन-चार शब्द, एवढंच. लुदमिला समोर उभी होती, तिला तेवढं इंग्रजी कळायचं. सॉरी म्हणायला जवळ गेलो तर म्हणाली, तू घरी जा, मी इथेच आहे. रागाने म्हणाली की मायेने, मला अजून कळलं नाही.

इकडे कॉलनीत हार घातले, व्हिडिओ सगळ्यांनी बघितलेला, शेजारी म्हणे, भाऊ, टीव्हीवर आलात. बायकोने एकटीने विचारलं, खरंच खूश होते का हो लोक. मी चहा पीत राहिलो.

आता जहाज सोडलं, एका कॅन्टीनमध्ये आहे. कदम ठणठणीत आहे, त्याच्या मुलीच्या लग्नाचं जेवण मीच केलं, त्याच्याकडे बघितलं की वाटतं चुकलं नाही माझं. तरी तुम्ही लिहिताय तर हे लिहा, कुणीच खूश नव्हतं तिकडे, मी खोटं बोललो. आणि ती बाई असेल तिथे सुखरूप असो, बस.