घरी आणलेला माणूस

(सौसर, १९८८. गुणवंता मास्तरांची ओसरी. त्यांची जुनी विद्यार्थिनी नलिनी नागपूरहून आली आहे.)

नलिनी : मास्तर, तो माणूस शेवटी परत येतच नाही.

मास्तर : कोणता माणूस, पोरी?

नलिनी : कवडूशेठच्या व्हिडिओ हॉलमधला. अंतराळात गेलेला. इंग्रजी पिच्चर लागला की तुम्ही माइक घेऊन टीव्हीजवळ बसायचे, आपल्या बोलीत गोष्ट सांगायचे. परवा नागपूरला मी तो पुन्हा पाहिला. आता इंग्रजी समजते मला. बायको अंगणात उभी राहून वर पाहते, अन् रेडिओवर सांगतात, यान जळालं. तुम्ही तर सांगितलं होतं, यान उतरून राहिलं, आता नवरा घरी येते.

मास्तर : माहीत होतं मले.

नलिनी : मग काहून सांगितलं तसं?

मास्तर : पहिल्या खेळाले खरंच सांगितलं होतं. लोकं मुंडी खाली घालून गेले. दुसऱ्या खेळाले अर्धे बाकडे रिकामे. कवडूशेठ म्हणे, रामाकोन्याहून लोकं सायकलीनं येऊन राहिले, ते काय रडाले? आणा त्या माणसाले घरी. आणला. तीन हप्ते चालला मंग. होतं काय त्या पिच्चरमधी? यानाची दोरी दिसे, चंद्रावरचे दगड पुठ्ठ्याचे. एक शेवट तेवढा खरा होता, तोच मी खोटा केला. अजून खाते ते मले.

नलिनी : त्याच्या आदल्या साली बाबा भिलाईला कामाला गेले, ते आलेच नाहीत. आईनं तो पिच्चर सहा वेळा पाहिला. आता मला नोकरी लागली, मी म्हणते चल नागपूरला, तर घराला कुलूप लावू देत नाही. ते आले तर, म्हणते. तुमच्या शब्दावर बसली आहे ती. हे पाहा, नवीन कुलूप घेऊनच आली मी. तुम्ही चला अन् तिला खरं सांगा.

मास्तर : सांगतलं, बाई. मागच्या पोळ्याले गेलो होतो. माफी मागतली.

नलिनी : मग?

मास्तर : चहा ठेवला तिनं. म्हणे, "मास्तर, पहिल्या खेळाले बी मी होती. मागच्या बाकड्यावर. रडाचं ते तवाच रडली. मंग आयकलं का तुम्ही त्याले घरी आणून राहिले, म्हणून येत गेली."

नलिनी : ...हे कुलूप तुमच्याजवळच राहू द्या, मास्तर. घरी नेत नाही मी.