उजवा खांदा

रुवा : असं कसं म्हणता, मामा? लागली ना गोळी पोत्याला?

मामा : लागली. शेपटीला.

रुवा : पोटाला लागलीय. जरा नीट बघा.

मामा : पोरी, त्या पोत्यावरचा रेडा मीच कोळशानं काढलाय. त्याचं पोट कुठं संपतं ते मला कळतं. खरा असता तर माशी बसली म्हणून शेपूट हलवली असती, आणि मग वळून बघितलं असतं, कोण बाई आली म्हणून.

रुवा : वारा होता.

मामा : पन्नास पावलांवर वारा! या बंदुकीची गोळी माझ्या अंगठ्याएवढी. तिला वारा काय करणार? तिनंच वाऱ्याला बाजूला सारलं असतं.

रुवा : बरं, द्या आणखी एक. भरा.

मामा : आधी खांदा दाखव.

रुवा : खांद्याला काय झालंय?

मामा : तेच विचारतोय. परवापर्यंत माका तुझ्या उजव्या खांद्यावर झोपायची. सात महिन्यांचं पोर, लाळ गळणारच. तुझ्या सदऱ्याला उजवीकडे पांढरा डाग असायचा. आज दोन दिवस तो डावीकडे आहे.

रुवा : मामा! माझ्या सदऱ्यावरही माग काढता?

मामा : तीस वर्षं झांबेझीच्या खोऱ्यात चिखल आणि गवत वाचतोय. सदरा तर सोपा.

रुवा : दुखतो थोडा. काळानिळा झालाय. काल आईनं तेल चोळलं.

मामा : काय म्हणाली?

रुवा : काहीच नाही. बघत राहिली आणि म्हणाली, हात वर कर. तेवढंच. मला वाटलं आता तासभर ओरडा बसणार.

मामा : हं.

रुवा : हं काय? दुखू दे चार दिवस. गुरुवारी परीक्षक येईल, त्याच्या डोळ्यांदेखत रानरेडा पाडायचा, की परवाना हातात. मग पाहुण्यांना रानात नेणारी शिकारी मी. पुढं तुम्ही माग काढताय, मागं मी बंदूक घेऊन. आणि नाही जमलं तर आणखी एक वर्ष तळावर पाहुण्यांच्या चादरींच्या घड्या.

मामा : रेडा पडला तर परवाना. नाही लागला तर घड्या. आणि अर्धवट लागला तर?

रुवा : म्हणून तर मोठी बंदूक म्हणतेय मी! ही चारशे अठ्ठावन्न नंबरची. जिथं लागेल तिथं आडवा.

मामा : शेपटीला लागलं तरी?

रुवा : मामा!

मामा : ती तीनशे पंच्याहत्तर बघ, झाडाला टेकून उभी आहे बिचारी. सकाळपासून तुझ्याकडं बघतेय. वजनाला बेताची, तुझ्या हाताला बसते, कायद्यातही बसते.

रुवा : कायद्यात बसते, रेड्यात नाही बसत. बाबांचा पाय विसरलात? तुम्ही होतात ना तिथं! मी अकरा वर्षांची होते, पण सगळी गोष्ट तोंडपाठ आहे मला. बाबांनी या तीनशे पंच्याहत्तरनं पहिली गोळी घातली. ती त्याच्या कातड्यात काट्यासारखी रुतून बसली. रेडा झाडीत शिरला आणि झाडीतून परत बाबांवर आला. पाय मोडला. ही बंदूकही तेव्हाच मोडली, म्हणून दस्त्याला कातडं गुंडाळलंय. मग पडल्या पडल्या बाबांनी चारशे अठ्ठावन्न ओढली आणि आठ पावलांवर त्याला आडवा केला. बरोबर?

मामा : आठ पावलं बरोबर.

रुवा : आणि बाकीचं?

मामा : बाकीचं तुझा बाप छान सांगतो. हे घे. भरून दिलीय. या खेपेला पोट नको, शेपटी नको. पुढचा पाय जिथं अंगात शिरतो तिथं, खालून अंगाच्या तिसऱ्या हिश्श्यावर. श्वास अर्धा सोड. आणि चाप ओढू नकोस, दाब.

रुवा : माहितीय.

मामा : माहिती असलेलंच सांगतोय.

रुवा : … अरे! हे काय? टक् झालं नुसतं!

मामा : झालं.

रुवा : काडतूस खराब आहे तुमचं.

मामा : खराब नाही. त्यात दारूच नाही. काल मीच ओतून काढली, तुझ्यासाठी.

रुवा : फसवलंत मला!

मामा : मी तुला नाही फसवलं, तुझ्या खांद्याला फसवलं. धक्का आलाच नाही, आवाज झाला नाही. मग नळी एवढी वीतभर खाली का गेली? आणि डोळे का मिटलेस?

रुवा : नाही मिटले.

मामा : मी तुझ्याकडं बघत होतो, पोत्याकडं नाही. घट्ट मिटलेस. लहानपणी कडू काढा पाजायचे तेव्हा मिटायचीस ना, तसे. या बंदुकीच्या लाथेला तू घाबरलीस, पोरी. रेड्याला नाही. रेड्याला घाबरलेलं चालतं, माणूस सावध राहतो. बंदुकीला घाबरलेला माणूस रेडा जखमी करतो, आणि जखमी रेडा माझ्या वाटेवर बसतो. पुढं मी असतो, विसरू नकोस.

रुवा : … पण बाबा म्हणतील, मी दिलेली बंदूक टाकली.

मामा : बघ, नाव काढलं आणि आला.

(मोपानीच्या झाडांमागून बाबा लंगडत येतात. पाठीला झोळीत माका बांधलेली. रुवाला आधी लेकीची लाल टोपी दिसते, मग बापाचा चेहरा, आणि ती बंदूक पटकन खाली ठेवते.)

बाबा : आवाज थांबले म्हणून म्हटलं जावं. काय बार होता शेवटून दुसरा! नदीपलीकडचे पाणघोडेसुद्धा म्हणाले असतील, आज आपल्या बाबांची लेक मैदानात उतरलीय. आणि ही तुझी लेक, रस्ताभर माझी मान चावत आली. दात आलेत खाली दोन, त्यांची परीक्षा घेत होती. आता झोपलीय. मग, कशी आहे आपली तोफ?

रुवा : बाबा, ते…

मामा : जावई, आलास ते बरं झालं. बस.

बाबा : नको, पाय आखडतो. उभाच बरा आहे, गरिकाई सासरेबुवा.

मामा : बस म्हणतोय.

रुवा : बसा बाबा. सासरचं माणूस सांगतंय.

बाबा : बघ कसं असतं नशीब! माझ्याहून सहा वर्षांनी लहान. माझ्या लग्नात याला मिसरूड फुटलं नव्हतं. पण आपल्या रीतीनं बायकोचा भाऊ, म्हणून सासरा! जन्मभर याच्यापुढं हात वाजवून खाली बसायचं, आणि याला नाही म्हणायचं नाही. हे घ्या, वाजवले हात. बसलो.

मामा : तीस वर्षांत किती वेळा हुकूम सोडला मी तुझ्यावर?

बाबा : एकदा. लग्नात लाकडं फोडायला लावलीस. ढीगभर.

मामा : आज दुसऱ्यांदा सोडतोय. लाकडं नकोत. त्या दिवशीची गोष्ट सांग पोरीला.

बाबा : एवढंच ना? तर तो दिवस असा होता की, सूर्य नुकता…

मामा : ती नको. दुसरी.

बाबा : दुसरी कुठली?

मामा : जी आपल्या दोघांनाच माहीत आहे.

बाबा : … गरिकाई, अरे, ठरलं होतं आपलं.

मामा : ठरलं होतं. पण गुरुवारी ही जाणार आहे तुझ्या गोष्टीवर विसंबून. आणि तुझ्या पाठीवर जी झोपलीय, तिला आई लागते.

रुवा : बाबा? काय चाललंय तुमचं?

बाबा : जरा पाणी दे.

रुवा : हे घ्या.

बाबा : ही चारशे अठ्ठावन्न तेव्हा नवी होती. आठवडा झाला होता घेऊन. तळावर सगळे हात लावून बघायचे. मी तिच्यातून तीन बार काढले होते फक्त. चौथा काढवेना. खांदा असा सुजला होता की सदरा घालताना दातांनी बाही धरायचो. पण कुणाला सांगणार? मग त्या दिवशी रेडा समोर आला. उभा, आडवा, पोत्यावरच्या चित्रासारखा. मी चाप ओढला आणि…

रुवा : डोळे मिटलेत.

बाबा : तुला कुणी सांगितलं?

रुवा : कुणी नाही. पुढं?

बाबा : गोळी गेली पोटात. या बंदुकीची गोळी, रुवा. मोठ्या बंदुकीची. तो झाडीत गेला, मग झाडीतून आला. मला त्यानं उडवलं ते मला आठवतही नाही नीट. आठवतं ते एवढंच, की तुझा मामा माझी जुनी तीनशे पंच्याहत्तर खांद्यावर वाहत होता. पळून जायला पाहिजे होतं त्यानं. तो तिथंच गुडघ्यावर बसला.

मामा : पळायला वाट नव्हती.

बाबा : वाट होती. मी बघितली होती. एक गोळी. रेडा याच्या अंगावरच येऊन कोसळला, शिंगाखाली दस्ता मोडला. त्याच रेड्याचं ओलं कातडं मग आपण गुंडाळलं त्याला. वाळलं आणि आवळून बसलं.

रुवा : मग सगळ्यांना उलटं का सांगितलंत?

बाबा : याच्याकडं परवाना होता का? माग काढणाऱ्यानं गोळी घातली, कळलं असतं तर याची नोकरी गेली असती. म्हणून मी म्हटलं, दोन्ही गोळ्या माझ्याच.

रुवा : ते समजलं. पण बंदुकांची अदलाबदल कशाला?

बाबा : … ते आपलं होऊन गेलं. पहिल्यांदा सांगताना जीभ वळली तशी. नवी बंदूक होती. मग पुढं सांगता सांगता मलाही तेच खरं वाटायला लागलं.

मामा : सांगतोसही छान.

रुवा : मामा, आणि तुम्ही बारा वर्षं नुसती मान हलवत बसलात?

मामा : जावयाचा आब राखायचा असतो. तो माझ्या नोकरीसाठी खोटं बोलला, मी त्याच्या मिशीसाठी गप्प बसलो. तुला ही बंदूक दिली, तरी गप्प बसलो, ते चुकलं. काल रात्री तुझी आई आली माझ्याकडं.

बाबा : ती? तिला काय माहीत यातलं?

मामा : म्हणाली, पोरीच्या उजव्या खांद्यावर काळानिळा डाग आहे. थेट असाच डाग त्या दिवशी यांच्या खांद्यावर होता, मी जखमा धुऊन काढत होते तेव्हा बघितला. जुन्या बंदुकीनं कधी असा उठला नव्हता. उद्या जा आणि बोलतं कर त्यांना, तू सासरा आहेस.

बाबा : म्हणजे… बारा वर्षं तिला…

मामा : पहिल्या दिवसापासून.

बाबा : पण पाहुण्यांपुढं मी ती गोष्ट सांगायचो, तेव्हा ती तिथंच असायची! शेंगदाण्याची भाजी वाढत!

मामा : वाढत असायची. तुझ्या ताटात जरा जास्तच पडायची. लक्षात नाही आलं कधी?

बाबा : … रुवा, हसू नकोस.

रुवा : नाही हसत. बाबा, तुम्हाला वाईट नाही ना वाटणार? ती जुनी घेतली तर?

बाबा : घे. मीच देतो ती. आजवर तिची बदनामी केली, आता निदान चांगल्या हातात जाऊ दे. जरा पुढं धर. हां. बघ, मेली कशी बसली तुझ्या गालाला.

मामा : हे घे काडतूस.

रुवा : यात दारू आहे की नाही?

मामा : ते नाही सांगणार.

रुवा : सांगा ना. माका उठेल दचकून.

मामा : तू पोत्याकडं बघ. पुढचा पाय. अर्धा श्वास.

रुवा : … टक्. पोकळ निघालं.

बाबा : नळी हलली नाही, गरिकाई. तसूभर नाही.

मामा : बघतोय. डोळेही उघडे होते.

रुवा : पण मामा, गुरुवारी तर भरलेलं असेल.

मामा : असेल. खांद्याला नको सांगू.

बाबा : ही उठली वाटतं. मान चावतेय पुन्हा. घे बाई तुझी लेक, सोडव मला. इकडं, डाव्या बाजूला ये.

रुवा : नको, उजवीकडं द्या. हळू.