पहिल्या कळशीचं पाणी

कुणाचं आयुष्य लिहावं एवढी माझी लायकी आहे का, ते मला अजून कळत नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, आणि माझं मराठीही परीक्षेपुरतंच. पण आमच्या वाशीच्या बैठ्या वसाहतीतले जुने प्लंबर दत्तूनाना बोलत होते तेव्हा वाटलं, हे कुणीतरी लिहून ठेवायला हवं, आणि समोर मीच बसले होते. शब्द त्यांचे आहेत. चुकलं असेल ते माझं. माफी असावी.

आमचं मूळ गाव पाटण तालुक्यात, डोंगरात, तितं नळ कसला, झऱ्यावर जायचं. बाप हितं मार्केटात माथाडी, कांद्याच्या गोणी उचलायचा, मलाबी त्यानं तितंच घातलं, पर चार दिसांत पाठीचा पार भुगा झाला, मग मामा म्हनला ह्याला पाइपाच्या कामाला लावू. तसा मिस्त्रीच्या हाताखाली शिकलो. ही समदी जमीन खाडीतला भराव बग पोरी, दरसाल दबायची, आन लोखंडी पाइपाचे सांधे तुटायचे. म्हनून मेन लायनीपासनं घरापतुर शेवटचा हातभर तुकडा आमी शिश्याचा घालायचो. शिसं मऊ, गुडघ्यावर दाबलं की वाकतं, जमीन दबली की त्येबी दबतं, पर फुटत न्हाई. ह्या वसाहतीतले समदे तुकडे म्या बशीवले, म्याच. लोक म्हनायचे दत्तूचा जोड गळत न्हाई. लई गुर्मी व्हती त्याची, खोटं कशाला बोलू.

आता आमच्यात रीत अशी, सकाळी पानी आलं की पहिली कळशी देवाची आन प्यायची. भांडी, धुनं मागनं. माझी बायको करायची, ती गेल्यावर सूनबाईनं, सुरेखानं, तशीच चालवली. देवापुढची वाटी माझ्या नातीला, परीला. पाच वर्साची हाय.

ती पोरगी सारखी पोट धरून बसायला लागली, येत असलेली अक्षरं इसरायला लागली. डॉक्टरनं रक्त तपासलं, म्हनला शिसं निघालंय. घरात रंग कुठला, काजळ कुठलं, खेळनी कुठली, त्यो इचारतोय, सुरेखा एकेक सांगतीया. मग त्यानं इचारलं, नळाचा पाइप कसला. म्हनलं, शिश्याचा हाय, म्या घातलाय. डॉक्टर म्हनला रातभर पाइपात थांबलेलं पानी सगळ्यात वाईट, त्ये सोडून द्यायचं. म्हंजी देवाचं म्हनून लेकराला पाजलं त्येच वाईट, आन त्यातल्या त्यात बरं पानी आमी मोरीत वतलं.

दुसऱ्या दिशी म्या आमच्या दारचा तुकडा उपटून प्लास्टिकचा घातला, तरी सुरेखा परीला घिऊन कराडला माहेरी गेली. जाताना म्हनली, नाना, परी साऱ्या गल्लीत हिंडती, तहान लागंल तितं पिती, समद्या गल्लीचं काढा, मग येते.

मग मी दारोदार सांगत फिरलो. पहिलं पानी लादीला, प्यायचं मागनं. शेजारच्या सोनवणे मावशी म्हनल्या, काय ओ नाना, देवाला आता उरलंसुरलं? म्हनलं मावशी, देव थांबंल, तुमचा नातू न्हाई थांबायचा. कुनी म्हनलं हळू बोला, भाडेकरू पळतील. एकजन तर म्हनला, तूच घातलंस आन तूच बोंबलतोस? म्हनलं व्हय बाबा, म्हनून तर.

पालिकेच्या पान्याच्या हापिसात साहेबानं नकाशा पसरला, म्हनला आजोबा, हितं शिसं कुटंच न्हाई, समदं लोखंड. म्हनलं साहेब, नकाशा काढनारा वर बसला व्हता, खड्ड्यात मी व्हतो. पिशवीतनं आमच्या दारचा उपटलेला तुकडा काढून चावीनं खरवडला, तर चांदीवानी चकाकला. साहेब म्हनला, एका तुकड्यानं काय व्हतं? घरी आलो, आन आठवून आठवून हरेक दारापुढं लाल रंगानं फुली मारली, हितं खना. तू अर्ज लिवलास, सोनवणे मावशीनं बायका गोळा केल्या, आन बायकांनी साहेबाला गल्लीत आनूनच सोडलं. पहिली फुली खनली, शिसं. दुसरी खनली, शिसं. तिसरीनंतर साहेबानं टोपी काढली, म्हनला बस करा, ह्या फुल्या हाच नकाशा.

मंजुरीला लई दिस गेले, आमाला टेन्शन, पर बायकांनी साहेबाची पाठ सोडली न्हाई. बुधवारी शेवटल्या दारचा तुकडा निघाला. मी खड्ड्याच्या काठावर बसून बगितलं. माझाच जोड, एक थेंब गळत नव्हता बग.

तू लई शिक पोरी. त्यो अर्ज तू लिवला नसतास तर मी नुसताच वरडत बसलो असतो. देव तुजं भलं करो.

आन आज सकाळी फोन आला. सुरेखा व्हती. म्हनली परीचं रक्त परत तपासलं, शिसं उतरायला लागलंय. म्या सांगितलं, समद्या गल्लीचं शिसं निघालं, आता पहिलं पानीबी चांगलं. मग म्हनली, नाना, रविवारी येतोय आमी. पहिली कळशी भरून ठेवा.