दोर पोटासाठी आणला होता

शहर पोलीस ठाणे, अमरावती
दिनांक १६ जानेवारी १९६३

माझे नाव देवमन सहदेव तायडे, वय ४४, शिक्षण बी. ए., धंदा नोकरी, सहकार खात्यात हिशेब तपासनीस, धर्म बौद्ध (जमादारांनी जुन्या सवयीने दुसरे काही लिहायला घेतले होते, ते मी थांबवले), राहणार राजापेठ, अमरावती. मी ठाण्यात स्वतः हजर राहून, विचारले तसे आणि आठवते तेवढे सांगतो ते येणेप्रमाणे.

मी वरील पत्त्यावर भाड्याच्या कवेलूच्या छपराच्या घरात सध्या एकटा राहतो. माझी पत्नी इंदूबाई शिक्षिका आहे. गेल्या जूनपासून ती अकोल्यास मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका झाली असून तिकडेच खोली घेऊन राहते. ही जागा तिने घ्यावी असा आग्रह माझाच होता. तिला गाडीत बसवून दिले तेव्हा बडनेरा स्टेशनावर माझे थोरले भाऊ चारचौघांत म्हणाले, "बायको चालली अकोल्याले अन् हा खानावळीत. दिवाळीपावतर पोट धरून बसते का नाही पाहा." मी हसलो होतो.

दिवाळीनंतर माझे पोट बिघडले. पोट फुगणे, आंबट ढेकर, सकाळी साफ न होणे. डॉक्टरांनी तिखट आणि लोणचे बंद केले व सांगितले, की तुमचे काम बसून आहे, औषधापेक्षा पोटाला हालचाल द्या. हे पत्नीस कळले असते तर तिने त्याच दिवशी नोकरी सोडली असती आणि भावाचे म्हणणे खरे ठरले असते. म्हणून मी तिला कळवले नाही. पत्रात ती तब्येत विचारी तेव्हा मी "तब्येत चालू आहे" असे लिहीत असे. हे वाक्य खोटे नाही. ते खरे आहे असेही मला म्हणवत नाही.

व्यायामशाळेत गेलो असतो तर आठ दिवसांत अकोल्यास बातमी गेली असती, कारण तिथले उस्ताद नत्थुजी यांची सासुरवाडी अकोल्याची आहे. तेव्हा व्यायाम घरातच, दार लावून करायचा, आणि त्यासाठी योग्य ते साधन निवडायचे असे मी ठरवले. उस्तादांना फक्त सल्ला विचारला, आणि तो एका मित्रासाठी आहे असे सांगितले. ते म्हणाले, "त्या मित्राले म्हना, ढेकर देनं पयले बंद कर."

प्रथम मी मुद्गलांची जोडी आणली. आमच्या घराची तुळई ठेंगणी असल्याने पहिल्याच फेरीत कंदिलाची काच गेली. नंतर नागपूरहून छातीने ताणायच्या स्प्रिंगा मागवल्या. त्यांत छातीचे केस अडकतात. शिवाय माझी तक्रार छातीची नव्हती, हे मला वस्तू हातात आल्यावर सुचले. मग सायकल स्टँडवर चढवून अंगणात चालवली. माझे शेजारी चंद्रभान गावंडे, धंदा शेती, हे कुडावरून पाहत व रोज विचारत, "भाऊ, बडनेरा आलं का?" चौथ्या दिवशी त्यांनी त्यांच्या पत्नी दुर्गाबाई यांनाही पाहायला बोलावले. मी सायकल खाली उतरवली.

पुढे मी जाते वापरून पाहिले. पाय पसरून दळायला बसले म्हणजे सर्व जोर पोटावर येतो, आणि फरकही पडला हे मी प्रामाणिकपणे सांगतो. हे साधन आमच्या लग्नापासून घरात होते. ते पोटाला चांगले आहे असे पत्नी कधी बोलली नाही. मीही कधी विचारले नव्हते. अडचण पिठाची झाली. मी जेवतो खानावळीत. ते पीठ मी दुर्गाबाईंना नेऊन दिले तेव्हा त्या म्हणाल्या, "भाऊजी, तुमी दळून राहिले? थांबा, वैनीले कळवतेच मी!" त्यांनी ते थट्टेने म्हटले. मी त्या दिवसापासून जाते बंद केले.

शेवटी दोर ठरला. उस्तादांच्या मते दोराच्या मलखांबावर पाय वर आणि डोके खाली करून थोडा वेळ राहिल्यास आतडी मोकळी होतात. दोराला आवाज नाही, तो तुळईला टांगता येतो व काढून ठेवता येतो. मी तो बाजारातून आणला. दुकानदाराचा जबाब मला वाचून दाखवण्यात आला. तो बरोबर आहे. त्याने विचारले, "बैलासाठी पायजे का म्हशीसाठी?" मी म्हणालो, "माणसासाठी. माझं वजन पेललं पाहिजे. मधेच तुटता कामा नये." तो म्हणाला, "साहेब, घरी समदं ठीक हाये ना?" मी म्हणालो, "पोटाचा फार त्रास आहे. बाकी सगळं करून पाहिलं. आता हा शेवटचा उपाय." त्याने दोर बराच वेळ हातातून सोडला नाही. त्याचे कारण तेव्हा माझ्या लक्षात आले नाही. मी सुताची प्रत चांगली आहे का एवढेच पाहत होतो.

काल संध्याकाळी मी लोणच्याची बरणी चंद्रभान यांना देऊन टाकली. ते म्हणाले, "वैनीच्या हातचं लोणचं? तुमाले नाही पायजे?" मी म्हणालो, "आता मला त्याचा उपयोग नाही." हेही खरे आहे. त्या बरणीकडे रोज पाहणे मला जड जात होते.

आज सकाळी मी लंगोटावर असल्यामुळे दार आतून लावले, खिडक्याही लावल्या. बाजेवर उभा राहून दोराचे वेढे दोन्ही घोट्यांना घेतले, हातांनी दोर धरून अंग उलटे केले आणि लोंबकळलो. पहिले काही क्षण बरे वाटले. त्याच वेळी चंद्रभान माकडांनी फोडलेली कवेलू बदलण्यासाठी शिडीने त्यांच्या छपरावर चढले होते. आमच्या घराच्या त्या बाजूच्या भिंतीत छपराशी एक लहान झरोका आहे. त्यातून त्यांना ताणलेला दोर आणि माझे दोन पाय दिसले. त्यांनी शिडीचा उपयोग न करता खाली उडी घेतली व लोखंडी सबलीने माझे दार फोडले. दार आत पडले तेव्हा दचकून माझे हात सुटले, वेढे निघाले आणि मी पाठीवर आपटलो. दम कोंडल्यामुळे मला बराच वेळ बोलता आले नाही. चंद्रभान माझे डोके मांडीवर घेऊन रडत होते आणि ओरडत होते, "अरे भाऊ, एका शब्दानं सांगाचं तं होतं!" मी त्यांना सांगण्याचा प्रयत्न केला. फक्त ढेकर आली.

गर्दी जमल्यावर पोलीस आले. चंद्रभान यांनी अकोल्यास तार केली. तारेत काय लिहिले ते विचारले असता त्यांनी सांगितले, "भाऊ दोरावर, ताबडतोब या." ते ऐकून मी प्रथमच घाबरलो.

ठाणेदारसाहेबांनी मला सांगितले, की आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा आहे, दोराची चौकशी, वाटून टाकलेली बरणी व लावलेले दार हे सर्व त्याच दिशेला जाते, तरी मी सरळ उत्तर दिल्यास विचार करता येईल. त्यांनी विचारले, "जीव द्यावा असं तुमच्या मनात कधी आलं होतं का?" मी म्हणालो, "आज सकाळी नाही." साहेबांनी पेन खाली ठेवले. मी खुलासा केला, की प्रश्न 'कधी' असा आहे, माझे वय चव्वेचाळीस आहे आणि सगळी वर्षे आठवल्याशिवाय मला नाही म्हणता येणार नाही. साहेब म्हणाले, "तायडे, तुम्ही हिशेब असेच तपासता का?" मी होय म्हणालो. जबाब लिहिणारे देवीदास जमादार म्हणाले, "साहेब, हा मानूस सोताले फासावर चढवल्याबिगर राहत नाही." हे वाक्य लिहून घ्यावे असे मी सांगितले. त्यांची इच्छा नव्हती.

दुपारच्या गाडीने माझी पत्नी आली ती थेट ठाण्यात. तिने मला पायांपासून डोक्यापर्यंत पाहिले, पण माझ्याशी न बोलता चंद्रभान यांना विचारले, "भाऊजी, तुमाले काय दिसलं?"

"पाय, वैनी. दोन्ही पाय. अन् दोर."

"कुठून दिसले?"

"झरोक्यातून."

"झरोका तं तुळईच्या चार बोटं खाली हाये. पाय तिथं, तं यायचं मुंडकं कुठं होतं? कवेलूच्या वर? तुमी तं कवेलूवरच होते. दिसलं का तुमाले?"

चंद्रभान यांनी बोट छताकडे नेले व हळूहळू जमिनीकडे आणले. मग म्हणाले, "पाय पाहल्यावर मी मुंडक्याचा इचारच नाही केला, वैनी." ठाणेदारसाहेब तोंडावर रुमाल धरून बाहेर गेले. परत येऊन त्यांनी सांगितले, की एवढ्यावर गुन्हा उभा राहत नाही.

यानंतर दोर पोटासाठी होता हे साहेबांकडून ऐकून पत्नी माझ्याकडे वळली. झालेले बोलणे तिच्या नोकरीसंबंधी असून माझ्या मते आजच्या प्रकाराचे मूळ तेच आहे, म्हणून ते लिहून घ्यावे ही माझी विनंती साहेबांनी मान्य केली.

"पोट कवापासून बिघडलं?" 

"दिवाळीपासून."

"अन् मले तुमी लिवत होते तब्येत चालू हाये."

"चालू होतीच."

"मी शाळेत सांगून आली का आता माझं येनं होनार नाही."

मी तिला म्हणालो, की तो शब्द आजच मागे घे, तार मी करतो. ती म्हणाली, "अन् तुमी काय करसान? उलटे लटकून राहसान?" मी म्हणालो, की मी स्वयंपाक शिकीन. तिने विचारले, "कोनापाशी शिकसान?" मी म्हणालो, "तुझ्यापाशी." ती म्हणाली, "मंग ऐका. दोन रविवार मी येईन. तिसऱ्या रविवारी तुमी अकोल्याले यायचं, अन् भाकरी तुमी टाकायची. माह्या बाया येतीन जेवाले, शाळेतल्या. जमते का?" मला ते जमेल असे खात्रीने सांगता आले नाही. प्रयत्न करीन असे मी म्हणालो. ती संध्याकाळच्या गाडीने परत जात आहे.

चंद्रभान गावंडे यांच्याविरुद्ध माझी काही तक्रार नाही. दार त्यांनी प्रेमाने फोडले.

हा जबाब देवीदास जमादारांनी मोठ्याने वाचला. पत्नी व चंद्रभान बाकावर बसून ऐकत होते. शेवटी त्यात "पत्नी बाहेरगावी असल्याचा मला काही त्रास नाही" असे वाक्य आले. प्रकरण लवकर मिटावे म्हणून जमादारांनी ते चांगल्या हेतूने घातले होते. मी ते बोललो नव्हतो. ठाणेदारसाहेबांनी राहू द्या अशी खूण केली. मी राहू दिले नाही. ते खोडून त्या जागी माझ्या सांगण्यावरून असे लिहिले आहे : त्रास होतो, रोज होतो, आणि तेवढ्याने कोणावर गुन्हा दाखल होत नाही याची मी साहेबांकडून खात्री करून घेतली आहे. पत्नीने हे ऐकले. तिची हरकत नाही. खाडाखोडीवर माझी सही आहे. आता कागदावर जे उरले ते मी सांगितले तसेच आहे.

(सही) दे. स. तायडे
समक्ष : देवीदास, जमादार